अकरा वर्षं, चार नोकऱ्या आणि कपाटातली बी. फार्म.

प्रश्न : ताई, मी नाशिकची, बी. फार्म., वय ३९. लग्न होऊन कॅनडात ब्रॅम्प्टनला आले त्याला अकरा वर्षं झाली. कॉफी शॉप, गोदामात पॅकिंग, मग बँकेचं कॉल सेंटर. दोन वर्षांपासून एका फार्मसीत असिस्टंट आहे. आजीआजोबा औषधाबद्दल विचारायला आले की बरं वाटतं, पण नेमकं तेव्हाच मला ‘फार्मासिस्टना विचारा’ म्हणावं लागतं. नवरा म्हणतो डेटा ॲनॅलिटिक्स शीक, मैत्रीण म्हणते फार्मसी टेक्निशियन हो. या वयात काय करू?

उत्तर : ‘फार्मासिस्टना विचारा’ हेच तुझं खरं दुखणं आहे, तेव्हा निर्णय त्यावरूनच घे. ऑन्टारिओत, म्हणजे तुझ्या प्रांतात, टेक्निशियन औषध बरोबर भरलंय की नाही हे तपासतो. औषधाबद्दलचा सल्ला फार्मासिस्टच देतो. म्हणजे टेक्निशियनचा परवाना काढूनही तुझ्या तोंडी तेच वाक्य राहील. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून तिथले फार्मासिस्ट काही किरकोळ आजारांवर स्वतः औषध लिहून देतात, त्यामुळे बोलण्याचं काम वाढलंय. मला विचारशील तर फार्मासिस्टच हो.

क्लास लावायची घाई करू नकोस, आधी कागद. फार्मासिस्ट्स गेटवे कॅनडा या, बाहेर शिकलेल्या फार्मासिस्टांसाठीच्या संकेतस्थळावर नोंदणी कर, मग पीईबीसीकडे, म्हणजे फार्मसी परीक्षा घेणाऱ्या बोर्डाकडे, कागदपत्रांच्या तपासणीचा अर्ज. गुणपत्रकं विद्यापीठाकडून आणि तुझ्या भारतातल्या फार्मासिस्ट नोंदणीचा दाखला महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडून थेट बोर्डाकडे जावा लागतो. तू पाठवलेली झेरॉक्स चालत नाही. त्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी उरक. आपल्या बायकांचं घोडं अडतं ते नावावर. पदवीवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. तिथल्या माणसाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला हवाच, पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्रही काढून ठेव.

मग बोर्डाची इव्हॅल्युएटिंग, म्हणजे पदवीचं ज्ञान तपासणारी परीक्षा, त्यानंतर क्वालिफाइंग, म्हणजे पात्रता परीक्षेचे दोन भाग: एक पर्यायी प्रश्नांचा, दुसरा ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक. शेवटी ऑन्टारिओच्या कॉलेज ऑफ फार्मासिस्ट्सच्या, म्हणजे परवाना देणाऱ्या संस्थेच्या अटी: इंग्रजीचा पुरावा, कायद्याची परीक्षा, प्रत्यक्ष कामाचं मूल्यमापन. नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षं धरून चाल. परीक्षेला बसायच्या संधी मोजक्याच असतात, त्यामुळे ‘एकदा बसून बघू’ नको.

फार्माकॉलॉजी तुला आठवेल. अडखळशील ती एककांवर. आपण रक्तातली साखर १२६ म्हणतो, तिथे तीच ७.० मिलिमोल असते. १८ ने भाग. पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात. हे दुकानातच रोज पाठ होईल, म्हणून ही नोकरी सोडू नकोस.

ऑस्कीत हुशार मुलीही नापास होतात, कारण येतं ते सगळं भडाभडा सांगून मोकळ्या होतात. समोर रुग्णाचं काम करणारा माणूस असतो आणि मिनिटं मोजकी. आधी विचारायचं: औषध कुणासाठी, ॲलर्जी, चालू गोळ्या, गरोदरपण, आधी काय घेऊन पाहिलं. मग थांबून ऐकायचं. कॉल सेंटरमध्ये चिडलेल्या गिऱ्हाइकाचं ऐकून घेत होतीस ना? तीच सवय इथे गुण देते. ती वर्षं वाया गेली असं मनातही आणू नकोस. आणि ब्रॅम्प्टनमध्ये हिंदी येणारी फार्मासिस्ट म्हणजे कितीतरी पंजाबी आजीआजोबांचा आधार.

नवऱ्याचं म्हणणं पगाराच्या काळजीपोटी आहे, ते ऐकून घे. पण तुझ्या पत्रात आकड्यांची आवड एका ओळीतही नाही. त्याच्यासमोर कागद ठेव: प्रत्येक टप्प्याची फी, आठवड्याचे अभ्यासाचे दहा तास, त्या वेळात स्वयंपाक आणि मुलं असतील तर तीही कोण बघणार. पैशांची अडचण असेल तर विंडमिल मायक्रोलेंडिंग ही संस्था परदेशी पदवीधरांना परवान्याच्या खर्चासाठी कर्ज देते, तिथे विचार.

या रविवारी पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेव आणि नावातलं अक्षर न् अक्षर जुळवून बघ.