ईटीएफ घेताना कोणता भाव पाहावा?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून माझी सर्व बचत मुदत ठेवी आणि पोस्टाच्या योजनांत आहे. मुलाने डीमॅट खाते उघडून दिले असून ‘साध्या म्युच्युअल फंडापेक्षा ईटीएफ घे’ असा त्याचा आग्रह आहे. ईटीएफमुळे नेमका काय लाभ होतो आणि मी त्यात पैसे घालावेत का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ईटीएफ (एक्स्चेंज ट्रेडेड फंड) हाही म्युच्युअल फंडच आहे, मात्र त्याची युनिटे शेअर बाजारात नोंदलेली असल्याने सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन या वेळेत ती शेअरप्रमाणे घेता-विकता येतात. भारतातील पहिला ईटीएफ, ‘निफ्टी बीज’, २००१ च्या डिसेंबरात आला. असा फंड निफ्टी निर्देशांकातील पन्नास कंपन्यांचे शेअर निर्देशांकातल्याच प्रमाणात बाळगतो. कोणते शेअर घ्यावेत हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांचा ताफा लागत नसल्यामुळे त्याचा वार्षिक खर्च कमी असतो, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा लाभ आहे. एक लाख रुपयांवर दरसाल १० टक्के परतावा मिळत राहिला असे धरले, तर पंधरा वर्षांनी सुमारे ४ लाख १८ हजार रुपये होतात. खर्चापोटी दरवर्षी एक टक्का अधिक गेला, तर तेच ३ लाख ६४ हजारांवर थांबतात.

मात्र एका गोष्टीकडे मी आपले लक्ष आवर्जून वेधतो. मांडवीत सराफाकडे गेल्यावर आपण आधी त्या दिवसाचा भाव विचारतो; ईटीएफच्या बाबतीत ही चौकशी अनेक जण करत नाहीत. फंडाकडील मालमत्तेनुसार युनिटचे मूल्य शंभर रुपये असले, तरी मागणी वाढून नवी युनिटे पुरेशा वेगाने बाजारात आली नाहीत, तर तेच युनिट एकशे आठ रुपयांनाही विकले जाते, आणि हे वरचे आठ रुपये पुढे परत मिळतीलच असे नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात चांदीच्या ईटीएफमध्ये असेच घडले होते. म्हणून फंड कंपनीच्या संकेतस्थळावर दिवसभर दाखवले जाणारे युनिटचे अंदाजित मूल्य आधी पाहावे, रोजची उलाढाल भरपूर असलेलाच ईटीएफ निवडावा आणि आपण ठरवलेल्या भावाचीच, म्हणजे लिमिट ऑर्डर द्यावी.

शेअरच्या ईटीएफवरील नफ्याला बारा महिन्यांनंतर वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के आहे. त्याआधी विकल्यास वीस टक्के लागतो.

आपल्यासाठी माझा सल्ला असा की घरखर्च आणि औषधपाणी ज्यांच्या व्याजावर चालते, त्या ठेवींना हात लावू नये. निदान सात वर्षे लागणार नाही एवढीच रक्कम निफ्टीच्या ईटीएफमध्ये टप्प्याटप्प्याने घालावी. बाजार चालू असताना भाव पाहत बसणे नको वाटत असेल, तर त्याच निर्देशांकाचा साधा इंडेक्स फंड घ्यावा. त्याला डीमॅट लागत नाही आणि युनिटे त्या दिवसाच्या मूल्यालाच मिळतात.