नारळावरची पांढरी माशी आपल्या वाडीत येईल का?

गोराईच्या एका दादांनी विचारलंय, पोराने पोल्लाचीकडून नारळाची 40 रोपं मागवलीत, ट्रकने येतायत, तिकडची पांढरी माशी सोबत येईल का. मनोरीच्या ताईंचं म्हणणं, तमिळनाडू कुठे मुंबई कुठे, एवढ्या लांब किडा येतोय कशाला.

ताई, तो उडत नाही येत, आपणच भाडं भरून आणतो त्याला. ही चक्राकार पांढरी माशी मूळची मध्य अमेरिकेकडची, आपल्या देशात 2016 ला पोल्लाची भागात सापडली आणि केरळ, कर्नाटक, गोवा करत कोकणपट्टीत आली. म्हणून किलोमीटर मोजत बसू नका. मी तीनच गोष्टी बघतो, खायला आहे का, हवा मानवते का आणि आणणारं कोण आहे. नारळ, केळी, पेरू सगळं तिला चालतं आणि ते तुमच्या वाडीत आहेच, थंडी म्हणावी अशी आपल्याकडे पडत नाही, जोराच्या पावसात जरा कमी होते पण उघडीप मिळाली की परत वाढते. राहिला आणणारा, तो ट्रक निघालाय म्हणता, म्हणजे धोका मोठा आहे दादा, सरळ सांगतो.

रोपं उतरली की लगेच लावू नका, जुन्या झाडांपासून लांब तीन-चार आठवडे ठेवा आणि दर दोन दिवसांनी पान उलटं करून बघा. बोटाने गिरवल्यासारख्या पांढऱ्या मेणाच्या गोल गोल रेघा दिसल्या की तीच. मोठ्या झाडावर असेल तर खालची पानं चिकट होऊन वर काळी काजळी धरते (सोसायटीत नारळाखाली लावलेली स्कूटर सकाळी चिकट लागते ना, तसलंच). लागलेली झावळी दुसऱ्या वाडीत नेऊ नका.

दुकानदार देईल ते जहाल औषध मात्र मारू नका, हात जोडतो. या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारा एन्कार्सिया नावाचा बारीक गांधीलकिडा असतो, भिंगाने पिल्लाच्या कवचावर गोल भोक दिसलं तर तो कामाला लागलाय समजा, फवारणीत आधी तोच मरतो. पाण्याचा जोरात फवारा पानाखालून मारा, जास्तच असेल तर लिटरला 5 मिली निंबोळी तेल थोडा साबण घालून, आणि काजळीवर 1 टक्का स्टार्चची पातळ कांजी, सुकली की पापुद्र्यासकट सुटते.

आणि फोटो पाठवताना पानाची खालची बाजू पाठवा हो, वरची बघून मला काही कळत नाही.