पऱ्हाटीचा कोळसा आणि विहिरीचे पाणी

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे आणि थोडा कापूसही असतो. घड कापल्यावर खांब बांधावर कुजत पडतात आणि पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेली वाळकी झाडे, पेटवून द्याव्या लागतात. शेतातील अशा टाकाऊ मालापासून पाणी शुद्ध करणारा कोळसा तयार होतो, असे वाचले. विहिरीच्या पिण्याच्या पाण्यासाठी तो आम्हाला घरी करता येईल का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : कोळसा घरी करता येईल, मात्र पिण्याच्या पाण्याची भिस्त त्यावर ठेवू नये. शिवाय आपल्याकडे ज्याचा ढीग मोठा, तो केळीचा खांब या कामाला फारसा सोयीचा नाही. त्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि वाळवून जाळल्यावर त्याच्या राखेत पालाश (पोटॅशियम) इतके असते की न धुतलेला कोळसा पाण्यात टाकल्यास पाणी अल्कधर्मी होते. पऱ्हाटी मात्र खरे लाकूड आहे. ती कमी हवेत ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की वायू आणि डांबर निघून जाते व सूक्ष्म छिद्रांनी भरलेला कोळसा उरतो. बाजारातील सक्रिय कोळशाला पुढे ८०० ते ९०० अंशांवर वाफ देऊन ही छिद्रे आणखी उघडतात, म्हणूनच त्याच्या एका ग्रॅममध्ये ५०० चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग सापडतो. खड्ड्यात केलेला कोळसा त्याच्या जवळपासही जात नाही. (पऱ्हाट्यांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून राहते, तेव्हा कोळशासाठी म्हणून त्या महिनोन्महिने घराशेजारी रचून ठेवू नयेत.)

दूषित द्रव्य या पृष्ठभागाला चिकटून बसते, याला अधिशोषण म्हणतात. रंग, वास आणि अनेक कीटकनाशके यांना कोळसा चांगला धरतो. शिसे, तांबे यांसारख्या धातूंना धरण्यासाठी पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट असावे लागतात, आणि ते केळीच्या न जाळलेल्या सालीतही असतात. ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ मध्ये केळीच्या सालीच्या भुकटीने पाराना नदीच्या पाण्यातील शिसे व तांबे वेगळे करून दाखवले होते. तथापि कच्ची साल पाण्यात स्वतःचाच रंग आणि सेंद्रिय द्रव्ये सोडते, त्यामुळे ती हंड्यात टाकण्याचा मोह टाळावा.

केळीला नत्रयुक्त खते भरपूर दिली जातात, म्हणून आपल्या विहिरीत खतांतून झिरपणाऱ्या नायट्रेटची शंका आधी घ्यायला हवी. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्याहून अधिक नायट्रेट तान्ह्या बाळांना घातक ठरते. साधा कोळसा नायट्रेटला जवळजवळ सोडूनच देतो, पाण्याचा जडपणा व क्षारही तसेच ठेवतो. आणि पाणी उकळल्याने नायट्रेट कमी तर होत नाहीच, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. जंतूंच्या बाबतीत तर कोळसा ओला राहिला की त्याच्या छिद्रांतच ते वाढू लागतात. तेव्हा खर्च करायचाच असेल, तर पहिला खर्च प्रयोगशाळेतील पाणीतपासणीवर करावा. नायट्रेट किंवा क्षार जास्त निघाले, तर आरओ यंत्र किंवा दुसरा स्रोत हाच मार्ग उरतो.

मग पऱ्हाटीच्या कोळशाचे करायचे काय? फवारणीनंतर पंप धुतलेले पाणी बहुतेक ठिकाणी विहिरीच्या काठीच ओतले जाते, आणि माझ्या मते कोळशाची खरी जागा तेथे आहे. विहिरीपासून दूर एका पिंपात वाळू आणि धुऊन बारीक केलेल्या कोळशाचे जाड थर द्यावेत आणि हे पाणी त्यातून सावकाश झिरपू द्यावे. खाली येणारे पाणी पिण्याजोगे नसते, जनावरांनाही ते देऊ नये. पण औषधाचा बराचसा अंश कोळशात अडकतो. कोळशाची धरण्याची क्षमता हळूहळू संपते, म्हणून हंगामागणिक तो बदलावा. वापरलेला कोळसा शेतात पसरू नये आणि चुलीतही घालू नये, कारण त्याने धरलेले औषध त्याच्यातच असते. रिकाम्या औषधाच्या डब्यांसारखाच तो वेगळा, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. न वापरलेला, स्वच्छ कोळसा मात्र शेणखतात मिसळून बागेत खुशाल घालावा.