एकाच वेळी तीन टोप्या

प्रश्न: मी युनिव्हर्सिटीत एका कोर्सची प्रोग्राम कोऑर्डिनेटर आहे, त्यात परीक्षा कमिटीची अध्यक्ष आणि विद्यार्थी तक्रार समितीवर पण, सगळेच म्हणतात माझं काम आधी. काय करू?

उत्तर: ताई, वेळेचं गणित बसेल हो, खरी गोची वेगळीच आहे. उद्या तुमच्याच कोर्सच्या मुलाने मार्कांची तक्रार केली तर ती तुमच्याच समितीपुढे येणार, म्हणजे ज्याच्यावर तक्रार तोच न्यायाधीश. अशा केसमधून आधीच लेखी बाजूला व्हा, बदली सदस्य मागा, यात कमीपणा काही नाही.

दुसरं म्हणजे कोऑर्डिनेटरकडे जबाबदारी ढीगभर पण अधिकार जवळपास शून्य, सहकाऱ्याला तास वाढवून घे म्हणून सांगायचं तर विनवणीच करावी लागते (मी पण केलीये, कितीदा तरी!). तेव्हा टाइमटेबल, वर्कलोडचे निर्णय विभागप्रमुखांच्या सहीनेच जाऊ देत. पेपर सेटिंग आणि निकालाचे आठवडे कॅलेंडरवर आत्ताच मार्क करा, त्या दिवसांत बाकी मीटिंगा नाहीत. आणि एवढं करून नाहीच जमलं तर तक्रार समिती सोडा, कारण ती दुसरं कोणीही सांभाळू शकतं, कोर्स मात्र तुमच्याशिवाय अडेल.