इंग्रजीतल्या ‘रफ’ला मराठीत सगळीकडे चालेल असा एक शब्द कोणता? आणि त्याचे इतके अर्थ झाले कसे?

दुसरा प्रश्न रंजक आहे, पण पहिल्याने माझी जुनी ठसठस जागी केली. म्हणून आधी त्याचंच उत्तर: असा शब्द नाही. तो असायलाच हवा असा हट्ट धरणाऱ्या एका गृहस्थांच्या हाताखाली मी काम केलेलं आहे.

मी तांत्रिक भाषांतरं करतो आणि त्याआधी लेथवर, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्रावर, उभं राहून काम केलेलं आहे. आमच्याकडे एका यंत्राची माहितीपुस्तिका मराठीत करायला आली. संपादकांचा नियम असा की एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द, आणि तोही आधी ठरलेल्या यादीतला. यादीत ‘रफ’समोर ‘खडबडीत’ होतं. मूळ पुस्तिकेत मात्र हा शब्द पाच ठिकाणी पाच कामं करत होता. मोटर ‘रफ’ चालत असेल तर बंद करा, म्हणजे अडखळत, हिसके देत चालत असेल तर. हत्याराच्या आयुष्याचा ‘रफ’ अंदाज, म्हणजे ढोबळ अंदाज. ‘रफ’ हाताळणी टाळा, म्हणजे आदळआपट करू नका. पृष्ठभागाचा ‘रफनेस’ इतके मायक्रोमीटर, तिथे खडबडीतपणा अगदी बरोबर. आणि पाचवं, ज्यावरून भांडण पेटलं, ते ‘रफ कट’.

लेथवरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आधी रफ कट घ्यायचा, त्यालाच रफिंग मारणं म्हणतात, म्हणजे नको असलेला धातू जाड जाड काप घेऊन भराभर उडवायचा, शेवटच्या हातासाठी थोडा माल शिल्लक ठेवायचा आणि मग फिनिशिंग. रफिंगनंतर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, खरखरीत दिसतो खरा, पण तो खरखरीत करणं हा हेतू नसतो. ‘रफ’ तिथे कामाचा टप्पा सांगतो, पृष्ठभागाचं वर्णन करत नाही. मी ‘रफिंग’ तसंच ठेवलं आणि कंसात ‘पहिली कच्ची कापणी’ असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून ‘खडबडीत काप’ केलं. मोटरही खडबडीत चालू लागली. मी म्हटलं, साहेब, मोटर रस्ता नाही. त्यावर मला भाषेच्या शिस्तीवर व्याख्यान ऐकवण्यात आलं.

पुस्तिका छापून गेली. पुढे ते यंत्र चालवणाऱ्या एका ऑपरेटरचा फोन आला: खडबडीत काप म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करायचा का, नर्लिंगसारखा? शंका रास्त होती. हाताची पकड बसावी म्हणून पृष्ठभागावर मुद्दाम दाते उठवणं याला नर्लिंग म्हणतात, आणि वाक्य वाचून तोच अर्थ निघत होता. त्याला मी पाच शब्दांत सांगितलं, ‘अहो, आधी रफिंग, मग फिनिशिंग.’ तो म्हणाला, ‘मग तसंच लिहायचं ना!’ हे मी संपादकांना जसंच्या तसं ऐकवलं. त्यांनी यादी बदलली नाही.

आता इतके अर्थ कसे, ते थोडक्यात. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘रूह’ होता आणि शेवटी घशातून ‘ख’च्या जवळचा आवाज निघायचा. स्पेलिंगमधली ‘gh’ ही विचित्र अक्षरं त्याचीच खूण. तो आवाज इथे पुढे ‘फ’ झाला, ‘थ्रू’ (through) आणि ‘दो’ (though) यांमध्ये पार गळाला. जर्मनमधला ‘राउ’ हा त्याचाच भाऊबंद. मूळ अर्थात ओबडधोबडपणाबरोबर केसाळपणाही होता आणि तो अजून मेलेला नाही. ‘रफ कोली’ जातीच्या कुत्र्याला हे नाव लांब, दाट केसांमुळे मिळालं. आखूड केसांचा भाऊ ‘स्मूद कोली’. गोल्फमध्ये आखूड कापलेल्या पट्ट्याच्या कडेला वाढू दिलेलं उंच गवत म्हणजे ‘रफ’. क्रिकेटमधलं ‘रफ’ मात्र गोलंदाजांच्या पावलांनी उखडलेली जागा, तिथे खडबडीत चालेल.

दुसरी फांदी ‘अजून हात न फिरवलेलं’ या अर्थाची. पैलू न पाडलेला हिरा, चित्रपटाच्या संकलनातला ‘रफ कट’, ढोबळ हिशेब, आमचं रफिंग, सगळे इथले. मराठीत यांना बहुतेक वेळा ‘कच्चा’ किंवा ‘ढोबळ’ पुरतो. तिसरी फांदी वागणुकीची आणि हालांची: रांगडा, दांडगट, घोगरा आवाज, खवळलेला समुद्र. समुद्राची स्थिती सांगणाऱ्या डग्लस मोजपट्टीत ‘रफ’ म्हणजे अडीच ते चार मीटर उंचीच्या लाटा. ब्रिटनमध्ये ‘रफ स्लीपिंग’ म्हणजे बेघर माणसाचं उघड्यावर झोपणं. प्राचीन ग्रीकच्या लिखाणात तर ‘रफ ब्रीदिंग’ नावाचं एक चिन्ह असतं, शब्दाच्या सुरुवातीला ‘ह’चा उच्चार करा असं सांगणारं. आमच्या यादीने त्याचा ‘खडबडीत श्वास’ करून रुग्णाला दमा लावला असता.

तेव्हा ‘रफ’ दिसला की तो कशाला चिकटलाय ते बघा. हाताला लागणाऱ्या गोष्टीला चिकटला असेल तर खडबडीत किंवा खरखरीत. कामाला, आकड्याला किंवा मसुद्याला असेल तर कच्चा, ढोबळ. माणसाला, हवेला, दिवसांना असेल तर मराठीत आधीच काय म्हणतात ते आठवा. ज्याला आठवत नाही त्याने यादी करण्याच्या भानगडीत पडू नये, मग पद कितीही मोठं असो.

एवढं बोलल्यावर हेही सांगतो की पारिभाषिक शब्दाला एकच प्रतिशब्द हवा, हे मलाही मान्य आहे. पृष्ठभागाच्या खडबडीतपणाला एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा शब्द वापरला तर घोटाळा होईल. जीवशास्त्रात पेशीतल्या ‘रफ एंडोप्लाझमिक रेटिक्युलम’ या जाळीलाही खडबडीत म्हणणं योग्यच, कारण रायबोसोम नावाचे बारीक कण चिकटल्यामुळे ती जाळी तशीच दिसते. माझं भांडण त्या नियमाशी नव्हतं, तो अंदाजाला आणि मोटरला लावण्याशी होतं.

आणि आपली ‘रफ वही’ किंवा ‘रफ वापरायला’ ठेवलेले कपडे यांना कुठलाच प्रतिशब्द शोधू नका, ते मराठीच झालेत. ‘रफू’चा मात्र यांच्याशी संबंध नाही, तो फारसीतून आलाय. खाली कुणीतरी तो विचारणारच.