लिंक केलं म्हणजे सिंक झालं नव्हे

वाचकांची पत्रं वेगवेगळ्या गावांची, पण घोळ एकच: एका तिकिटातला (म्हणजे कामाच्या नोंदीतला) बदल दुसऱ्यात आपोआप येत नाही, म्हणजेच सिंक होत नाही. ग्राहकांच्या तक्रारी एका प्रोजेक्टमध्ये, डेव्हलपरांचं काम दुसऱ्यात, दोन्ही तिकिटं एकमेकांना लिंक केलेली. आणि तरीही एकीकडे बंद झालेलं तिकीट दुसरीकडे आठवडाभर उघडंच. बहुतेकांकडे जिरा हे तिकिटं सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, म्हणून उत्तरंही जिराला धरून देतो. नव्या जिरात तिकिटाला ‘इश्यू’ऐवजी ‘वर्क आयटम’ म्हणतात. मी तिकीटच म्हणेन.

प्रश्न (पर्वरी): दोन तिकिटं लिंक केली. एकाचं स्टेटस बदललं तर दुसऱ्याचं आपोआप बदलण्याची सेटिंग कुठे सापडेल?

अशी सेटिंग नाही. लिंक फक्त नातं सांगते. लिंकच्या यादीत समोरच्या तिकिटाचं चालू स्टेटस दिसतं, त्यामुळे सिंक होतंय असा भास होतो. खरोखर बदल हवा असेल तर ऑटोमेशनचा रूल, म्हणजे ‘हे झालं की ते कर’ असा आपोआप चालणारा नियम, लिहावा लागतो. एकाहून अधिक प्रोजेक्टना लागू होणारा रूल प्रोजेक्ट-अ‍ॅडमिनच्या हातात नसतो, तेव्हा जिरा-अ‍ॅडमिनला भेटा.

प्रश्न (फोंडा): लिंकऐवजी क्लोन केलं तर दोन्ही तिकिटं कायम जुळलेली राहतात, असं आमच्या टीममध्ये सगळे म्हणतात. खरं का?

नाही. क्लोन ही त्या क्षणाची प्रत आहे, पुढचे बदल तिच्यात येत नाहीत. सगळे म्हणतात ते खरं की खोटं, हे रिकाम्या प्रोजेक्टमध्ये दोन मिनिटांत करून बघता येतं.

प्रश्न (मडगाव): रूल लिहिला आहे. सपोर्टचं तिकीट ‘रिझॉल्व्ड’ झालं की लिंक केलेलं डेव्हलपमेंटचं ‘डन’ व्हायला हवं. कधी होतं, कधी होत नाही.

आधी ऑडिट लॉग उघडा. रूल अडला तर कारण तिथेच लिहिलेलं असतं, आणि नेमका तोच कोणी वाचत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय वर्कफ्लोचा येतो, म्हणजे तिकीट कुठल्या स्टेटसमधून कुठे जाऊ शकतं त्या आखणीचा. दुसऱ्या प्रोजेक्टमधलं तिकीट ज्या स्टेटसमध्ये असेल, तिथून ‘डन’कडे जायला वर्कफ्लोत वाट असावी लागते. ‘इन रिव्ह्यू’तून वाट आहे, ‘टू डू’तून नाही, असं असेल तर रूल कधी चालणार, कधी थबकणार. त्या वाटेवर एखादं फील्ड सक्तीचं असेल आणि रूल ते भरत नसेल, तरी तीच गत. रूल ज्या खात्याच्या नावाने चालतो त्याला दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये तिकीट पाहण्याची आणि पुढे सरकवण्याची परवानगी आहे का, तेही बघा.

एक गोष्ट जाता जाता. ‘अग्रक्रम’ नावाचं फील्ड दोन्हीकडे आहे म्हणजे ते एकच फील्ड असेल असं नाही. टीम-मॅनेज्ड, म्हणजे टीमने स्वतःच सांभाळायचे, प्रोजेक्ट स्वतःची फील्ड वेगळी ठेवतात. नाव सारखं, आतला क्रमांक निराळा. लॉगमधला मजकूर घेऊन अ‍ॅडमिनजवळ बसा. वर्कफ्लो परस्पर बदलू नका, त्यावर इतरांचंही काम चालू असतं.

प्रश्न (पणजी): आम्ही हॉटेलांना बुकिंगचं सॉफ्टवेअर देतो. डेव्हलपरांच्या कमेंट सपोर्टच्या तिकिटावर आणि तिकडच्या इकडे, अशा दोन्ही बाजूंनी सिंक करायच्या आहेत. डिसेंबरच्या गर्दीआधी सुरू करायचं आहे. रूल कसा लिहू?

रूल लिहायला दहा मिनिटं लागतात. पण आज लिहू नका.

तुमचं सपोर्टचं प्रोजेक्ट जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटचं (ग्राहकांच्या तक्रारींसाठीच्या जिराचं) असेल तर तिथे कमेंट दोन प्रकारची असते: एक ग्राहकाला जाणारी, दुसरी आतल्या लोकांपुरती ‘इंटर्नल नोट’. डेव्हलपरांच्या साध्या प्रोजेक्टमध्ये हा भेदच नसतो. तिथे माणूस मोकळेपणाने लिहितो. कोणाच्या कोडमुळे बिघडलं, कुठल्या ग्राहकाचा सर्व्हर जुना आहे, तात्पुरता पासवर्ड काय. हीच कमेंट तुमचा रूल उचलतो आणि सपोर्टच्या तिकिटावर ठेवतो. ती ‘इंटर्नल’ म्हणून ठेवायची हे रूलमध्ये तुम्ही स्वतः निवडायचं असतं. बाहेरच्या प्रोग्रॅमने आरईएसटी एपीआय या जोडणीतून घातलेली कमेंट तर वेगळं सांगितलं नाही तर ग्राहकाला दिसणारीच होते. ग्राहकाच्या पोर्टलवरची कमेंट पुसता येते, पण तिच्यासोबत ग्राहकाला गेलेली मेल परत आणता येत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका कंपनीत मी सल्लागार होतो. शुक्रवारी संध्याकाळी असाच रूल सुरू झाला. सोमवारी ग्राहकाचा फोन आला आणि आमच्याच माणसाने त्याच्या व्यवस्थापकाबद्दल लिहिलेलं वाक्य त्याने वाचून दाखवलं. ज्या मुलीने ते लिहिलं होतं तिची काही चूक नव्हती. ती आपल्या टीमशी बोलत होती. ओरडा मात्र तिला खावा लागला. तेव्हापासून कमेंट सिंकचा विषय निघाला की मी पहिल्यांदा हेच विचारतो: वाचणारा कोण?

तुमच्या धंद्यात धोका आणखी मोठा आहे. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलला ऑनलाइन फॉर्म भरून 24 तासांत सरकारला कळवावी लागते. फॉर्म अडला की रिसेप्शनवरून स्क्रीनशॉट येतो आणि त्यात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, सगळं असतं. तो स्क्रीनशॉट दोन प्रोजेक्टमध्ये फिरला की पाहणारी माणसं किती वाढली ते मोजा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अशाच माहितीसाठी आहे. तो तुम्हाला नेमका कसा लागू पडतो हे वकिलाला विचारा, माझ्या उत्तरावर निभावू नका.

करायचंच असेल तर असं करा. सुरुवातीला एकाच दिशेने न्या, सपोर्टकडून डेव्हलपरांकडे. उलट दिशेने फक्त स्टेटस जाऊ द्या. ग्राहकाला उत्तर सपोर्टच्या माणसानेच स्वतःच्या शब्दांत लिहावं. उलट कमेंट अगदीच हवी असेल तर ती ‘इंटर्नल’च असावी. रूलने ठेवलेली कमेंट रूलच्या खात्याच्या नावावर दिसते, म्हणून मूळ लिहिणाऱ्याचं नाव मजकुरात घ्या. मग चाचणीसाठी वेगळं प्रोजेक्ट काढा, ग्राहक म्हणून स्वतःचाच एक मेल पत्ता घाला आणि तिकडे काय पोचतं ते बघा. हे सगळं जिरा-अ‍ॅडमिन आणि माहिती सुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे आहे तो, दोघांना समोर बसवून करा. डिसेंबर गाठायची घाई असेल तर फक्त स्टेटस सिंक करा आणि कमेंट फेब्रुवारीवर टाका.

प्रश्न (म्हापसा): दोन रूल एकमेकांना चालवत राहतील का?

दुसऱ्या रूलच्या कृतीमुळे चालण्याची परवानगी मुळात बंद असते. ती खूण तुम्ही केली असेल तर काढा. लूप झालाच तर जिरा 10 फेऱ्यांवर थांबवतं, पण तोवरच्या फेऱ्या रूल चालवण्याच्या तुमच्या मासिक मर्यादेत धरल्या जाऊ शकतात.

प्रश्न (वेर्णे): आमचा औषधांचा कारखाना आहे. आमचं जिरा वेगळं, पुरवठादाराचं वेगळं. एक विक्रेता म्हणतो, त्याच्या अ‍ॅपने एका क्लिकमध्ये दुतर्फी सिंक होईल. घ्यावं का?

दोन स्वतंत्र जिरांमध्ये सिंकसाठी एक्झालेटसारखं अ‍ॅप किंवा वेबहुकची (बदल झाला की दुसऱ्या सॉफ्टवेअरला आपोआप कळवणारी) जोडणी लागते, इथवर विक्रेता बरोबर आहे. एका क्लिकची गोष्ट मात्र विसरा. कुठलं फील्ड कुणाच्या ताब्यात, दोघांनी एकाच वेळी बदललं तर कोणाचं धरायचं, हे कुठलंही अ‍ॅप तुमच्यासाठी ठरवत नाही. दर फील्डला एकच मालक ठेवा, तोही कागदावर लिहून.

किमतीचं आधी लेखी घ्या. क्लाउडवरच्या अ‍ॅपचा दर सहसा जिरातल्या एकूण वापरकर्त्यांवर लागतो, सिंक वापरणाऱ्या चौघांवर नाही. कोटेशन देताना हे बोललं जात नाही, आणि मला याची चीड येते.

तुमची तिकिटं गुणवत्तेच्या नोंदींचा भाग असतील तर गुणवत्ता विभागाच्या बदल-नियंत्रणातून गेल्याशिवाय काहीही जोडू नका. अमेरिकेला माल जात असेल तर 21 सीएफआर भाग 11 हा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा अमेरिकी नियम त्यांना ठाऊक असेलच, त्यांनाच विचारा.

प्रश्न (साखळी): रेडमाइन या दुसऱ्या तिकीट-सॉफ्टवेअरमध्ये एक तिकीट बंद केलं की त्याची डुप्लिकेट आपोआप बंद होत. जिरात का होत नाही?

रेडमाइनमध्ये नात्याला वागणूक जोडलेली आहे. ब्लॉक करणारं, म्हणजे दुसऱ्याला अडवणारं, तिकीट उघडं असेल तर तिथे ते दुसरं बंदच करता येत नाही. जिरात ‘इज ब्लॉक्ड बाय’ हे नुसतं लेबल आहे. अडवायचं असेल तर वर्कफ्लोत वेगळी अट घालावी लागते, आणि ते काम अ‍ॅडमिनचं.

प्रश्न (डिचोली): आमचं जिरा अजून सर्व्हर आवृत्तीवर, म्हणजे आमच्याच यंत्रावर, आहे. आधी सिंक बसवू की आधी क्लाउडवर जाऊ?

आधी जा. सर्व्हर आवृत्तीचा आधार 15 फेब्रुवारी 2024 ला संपला. तेव्हापासून तिच्यात सापडणारी सुरक्षेची भोकं बुजवली जात नाहीत. चवथ झाल्यावर बघू, वर्ष संपल्यावर बघू, असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. या आठवड्यात पूर्ण बॅकअप घ्या, तो दुसऱ्या यंत्रावर उघडतो का ते तपासा, आणि स्थलांतर केलेल्या एखाद्या माणसाला बोलावून कुठली अ‍ॅप सोबत येतात, कुठली नाहीत, त्याची यादी करून घ्या. सिंकचे रूल नव्या जागी नव्याने लिहा.