'तेव्हा फोनवर नीट ऐकलं असतं तर...'

"मॅडम, एक पिक्चर बघितला आणि तेव्हापासून झोपच उडालीय." असं म्हणत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्यांना मी आधी पिक्चर कुठला ते विचारते, मग तो कुठे थांबवला ते विचारते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कामाचं असतं.

ही बाई साधारण पस्तिशीची, एका बँकेत नोकरी, मुलगी दुसरीत. (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.) पिक्चर होता 'द कॉल', २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला कोरियन थ्रिलर. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सो-यॉन नावाची मुलगी २०१९ मध्ये आपल्या जुन्या घरी येते, मोबाईल हरवलेला असतो म्हणून घरातला जुना कॉर्डलेस फोन लावते, आणि त्यावर एका मुलीचे फोन यायला लागतात. ती यंग-सूक, त्याच घरात राहणारी, पण १९९९ मध्ये. सो-यॉनचे वडील ती लहान असताना घरातल्या आगीत गेलेले, आणि आईने गॅस चालू ठेवला म्हणून गेले असं धरून ती आईवर वर्षानुवर्षं चिडलेली. यंग-सूक तिकडे जाऊन ती आग लागूच देत नाही आणि इकडे बाबा जिवंत होऊन समोर उभे!

हिने पिक्चर तिथेच थांबवला होता. पुढे बघितलाच नाही. तेवढाच भाग चार वेळा मागे नेऊन बघितला, नवरा झोपल्यावर, आवाज बंद करून.

तिचे बाबा सहा वर्षांपूर्वी गेले, पहाटे, हार्ट अटॅक. आदल्या रात्री त्यांनी तिला फोन केला होता, छातीत जळजळतंय म्हणाले, आणि ही म्हणाली, "बाबा, संध्याकाळी भजी खाल्लीत ना तुम्ही, ॲसिडिटी असणार, गोळी घ्या आणि झोपा." बस्स. सहा वर्षं हे वाक्य ती दिवसातून किती वेळा ऐकत असेल देव जाणे. तिचा प्रश्न एकच, "तो फोन मला परत आला तर मी काय बोलले असते, हेच चालू असतं डोक्यात. हे नॉर्मल आहे का?"

हो, खूप जणांना होतं. पण हे उत्तर मी तिला पहिल्याच दिवशी देऊन टाकलं आणि वर "तुला तेव्हा कसं कळणार होतं गं" असंही म्हणून बसले, आणि ती लगेच मिटली. मान हलवली, थँक्यू म्हणाली, पर्स उचलली. सहा वर्षं सगळे नातेवाईक तिला हेच सांगत होते, त्यात मी फी घेऊन भर घातली. इतकी वर्षं काम करून अजून अशी घाई होते माझी.

मग मी शनिवारी पूर्ण पिक्चर बघितला (एकटीने बघू नका, एवढंच सांगते). बाबा परत आल्यानंतर पुढे काय होतं? सो-यॉनला जुनी माहिती काढताना कळतं की यंग-सूक तिच्या सावत्र आईच्या हातून मरणार आहे, म्हणून ती बिचारी फोनवर सांगून टाकते, आणि ती पोरगी वाचते आणि खुनी निघते. सगळी गंमत त्या फोनमधून उद्याची माहिती मागे जाते यात आहे. आणि पश्चात्तापात आपण नेमकं हेच करत असतो, त्या रात्रीच्या फोनवर आजची अक्कल घेऊन बसतो.

यावर एक जुना प्रयोग आहे. १९७५ मध्ये बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना ब्रिटिश आणि गुरखे यांच्यातल्या लढाईची माहिती वाचायला दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला त्याला तोच आधीपासून जास्त शक्य वाटत होता. शेवट कळला की आधीच्या सगळ्या खुणा चमकायला लागतात.

पण हे तिला समजावून उपयोग नव्हता, म्हणून पुढच्या वेळी एक अट घालून खेळ केला. तो फोन परत घे, पण उद्या काय होणार हे माहीत नाही. त्या रात्री जेवढं माहीत होतं तेवढंच. "आता मला सांग, बाबा नक्की काय काय बोलले?"

ती म्हणाली, आठवत नाही, मी दोन मिनिटांत कटवलं त्यांना. तेव्हा कळलं की तिने तो जुना मोबाईल जपून ठेवलाय, कपाटात, बाबांच्या रुमालात गुंडाळून, दर महिन्याला चार्ज करते पण कॉल लॉग कधी उघडला नाही. भीतीने. पुढच्या वेळी घेऊन आली. स्क्रीनचा एक कोपरा तडकलेला, बटण दोनदा दाबावं लागत होतं. तिने खाली खाली सरकवत नेलं आणि थांबली.

अकरा मिनिटं.

बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत बसली, मी पण काही बोलले नाही. मग हळूहळू एकेक यायला लागलं. सोसायटीच्या पाण्याचं बोलले होते, नातीला दात आले का विचारलं होतं, जळजळीचं मध्येच कुठेतरी आलं आणि "सकाळी दाखवतो डॉक्टरला" हे त्यांनीच म्हटलं होतं. मग ती अचानक तडकली. "बनियन ओला झाला होता त्यांचा! आईने नंतर सांगितलं. घाम फुटला होता आणि मला बोलले नाहीत. दातांचं विचारत बसले!"

एवढा राग सहा वर्षं कुठे होता? मला वाटतं त्या 'माझीच चूक' खाली दबलेला. गेलेल्या माणसावर चिडण्यापेक्षा स्वतःवर चिडणं आपल्याकडे सोपं पडतं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण वाचणारे विचारणार. छातीत जळजळ किंवा दाब, सोबत घाम, दम लागणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, असं काही असेल तर गोळी देऊन वाट बघू नका, महाराष्ट्रात १०८ ला फोन करा. डायबेटिस असेल तर लक्षणं अगदी सौम्य पण असू शकतात. आणि अपराधीपणातून 'मीच नको' असे विचार यायला लागले तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो.

तिचं सगळं सुटलं असं नाही. पहाटे अजून जाग येते कधी कधी. पण पिक्चरमधली मुलगी आईवर एवढी चिडलेली बघून तिच्या मनात एक आलं, की आपण आईला त्या रात्रीबद्दल कधी काही विचारलंच नाही. ती गावी गेली, दोघी भाजी निवडत बसल्या होत्या तेव्हा विषय काढला, फोन, गोळी, अकरा मिनिटं, सगळं सांगितलं.

आईने मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "अगं, भजी तळली कोणी होती?"